रविवर्म्यांची चित्रे आणि आपले बडोदे



तुमच्यापैकी काहींच्या घरी आजी-आजोबांच्या काळापासूनची लक्ष्मीची किंवा सरस्वतीची तसबीर असेल, काचेआड जराशी पिवळी पडलेली. माझ्या आजोळी अशी लक्ष्मी होती. देवी अशीच दिसते, अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती. तिचे हे रूप एका चित्रकाराने विचार करून ठरवले आहे, हे चित्रकला शिकू लागल्यावर कळले.

तो चित्रकार राजा रविवर्मा. त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळातील किलिमानूर येथे झाला. मामा राजराज वर्मा चित्रे काढीत. त्यांनीच भाच्याला पहिले धडे दिले आणि चौदाव्या वर्षी त्रावणकोरच्या महाराजांकडे नेले. तेलरंग तेव्हा आपल्याकडे नवे होते. दरबारातील जाणकाराने ती विद्या शिकवली नाही. पुढे १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार आला. त्यानेही शिकवले नाही, फक्त काम चालू असताना पाहू दिले. रविवर्मा पाहत राहिले. तेलरंग सावकाश वाळतो, म्हणून गालावरचा उजेड आणि हनुवटीखालची सावली एकमेकींत हळूच मिसळता येते. हे त्यांनी पाहून, चुकून, पुन्हा करून साध्य केले. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले.

त्रावणकोरचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव हे तंजावरचे मराठी गृहस्थ. ते पुढे बडोद्याचे दिवाण झाले आणि त्यांच्यामुळे रविवर्मा आपल्या गावी आले. १८८८ मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांना चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले. आता प्रश्न पडला की दमयंतीने नेसावे काय? पुराणात नेसण सांगितलेली नाही आणि प्रत्येक प्रांताची तऱ्हा वेगळी. रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा पोशाख पाहत उत्तरेत हिंडले. अखेर त्यांच्या कितीतरी नायिकांना आपल्या मराठी बायकांसारखे लुगडे मिळाले! चित्रे पुरी झाल्यावर लोकांना पाहायला ठेवली, तेव्हा गर्दी लोटली.

त्यांच्या देवता नाटकातल्या पात्रांसारख्या दिसतात, अशी टीका पुढे झाली. ती अगदीच खोटी नाही. काही चित्रांतले हातवारे मलाही रंगमंचावरचे वाटतात. पण एखादी स्त्री विचारात गढून बसलेली त्यांनी रंगवली, की तिथे नाटक उरत नाही.

सगळ्यांना मूळ चित्र कसे मिळणार? छापील प्रती काढाव्यात, असे माधवरावांनी सुचवले होते. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणले. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्यावर चित्र उलटे उतरवायचे आणि एकावर एक रंग छापायचे. चित्रे घरोघर गेली, जिथे राजवाड्याचे दार कधी उघडले नसते अशा घरांतही. छापखान्याचा व्यवहार मात्र दोघा भावांना जमला नाही. प्लेगची साथ आली, कर्ज वाढले. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. १९०५ मध्ये धाकटे बंधू गेले, २ ऑक्टोबर १९०६ रोजी किलिमानूरला रविवर्माही.

दगडावर उतरवताना पुष्कळ काही हरवले. तसबिरीतली लक्ष्मी गोड दिसते, पण तिचा चेहरा सपाट असतो. मूळ चित्रे आपल्या गावात, लक्ष्मीविलास राजवाड्यात आणि तिथल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात जपलेली आहेत. पालकांनी मुलांना न्यावे. आधी चित्राजवळ उभे राहा. जर म्हणजे नुसते पिवळे-पांढरे फटकारे दिसतील. मग चार पावले मागे या.