लेस्टर यंग : स्वतःचा सूर सांभाळणारा वादक

आपण मुलांना सहज बोलून जातो, की अमक्यासारखं अक्षर काढ, तमकीसारखं वाच. असं तोंडात आलं, की मला सॅक्सोफोन वादक लेस्टर यंग आठवतो.

लेस्टरचा जन्म २७ ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात वुडव्हिल येथे झाला. वडील विलिस यंग संगीत शिकवायचे. घरच्यांचाच बँड होता. लेस्टर आधी ड्रम वाजवायचा, नंतर सॅक्सोफोनकडे वळला. पण त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती, नुसतं ऐकून वाजवायचा. हे लक्षात आल्यावर वडिलांनी त्याला बँडबाहेर काढलं. तो वाचायला शिकला, तेव्हाच परत घेतलं.

त्या काळात टेनर सॅक्सोफोन म्हटलं की कोलमन हॉकिन्स! त्याचा आवाज भारदस्त, भरपूर कंप असलेला. गाण्यातला एकेक कॉर्ड उलगडत तो वाजवायचा. लेस्टरचं अगदी वेगळं. सूर हलका, कंप थोडासाच, मध्ये मोकळी जागा. जणू कोणी निवांत गोष्ट सांगतंय.

१९३४ मध्ये हॉकिन्सने फ्लेचर हेंडरसनचा ऑर्केस्ट्रा सोडला आणि त्याची जागा लेस्टरला मिळाली. सहकाऱ्यांना मात्र हॉकिन्सचाच आवाज हवा होता. हेंडरसनची पत्नी तर लेस्टरला हॉकिन्सच्या रेकॉर्ड ऐकवायची. लेस्टरने त्या ऐकल्या, पण आपला सूर बदलला नाही. काही महिन्यांतच तो तिथून बाहेर पडला.

पुढे काउंट बेसीच्या बँडमध्ये तोच हलका सूर गाजला. गायिका बिली हॉलिडेने त्याला ‘प्रेझ’, म्हणजे प्रेसिडेंट, हे नाव दिलं. चार्ली पार्करने तरुणपणी त्याचं वादन ऐकून ऐकून पाठ केलं. नंतर सैन्यात झालेली शिक्षा आणि दारू यांमुळे तो खचला. १५ मार्च १९५९ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं.

यात हॉकिन्स कमी ठरत नाही हं. १९३९ मधलं त्याचं ‘बॉडी अँड सोल’ आजही जगभर ऐकलं जातं. दोघंही मोठेच.

आपण विचार करायचा तो वेगळाच. वडिलांनी लेस्टरला वाचायला लावलं, ते त्याच्या कामी आलं. पण दुसऱ्याच्या रेकॉर्ड ऐकवून त्याला दुसरा हॉकिन्स करायला निघालेल्यांच्या हाती काही लागलं नाही. उद्या वह्या तपासताना यातलं आपण नेमकं काय करतोय, एवढं जरूर पाहूया.