उत्तरापुढची वाट दाखवणारे ज्ञानकोशकार

मराठी वाचकाला त्याच्याच भाषेत जगाचे ज्ञान मिळावे, या ध्यासाने आयुष्य वेचणाऱ्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते १९१२ साली मायदेशी परतले. नागपुरात त्यांनी ज्ञानकोश मंडळ स्थापन केले, भागभांडवल आणि वर्गणीदार मिळवण्यासाठी अपार खटपट केली. पुढे पुण्यातून, १९२०च्या दशकात, महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध झाले.

१९३१ साली हैदराबादेत भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद या नावाने त्याच हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू असलेल्या त्या मुलखात मराठी संदर्भग्रंथाचे मोल मोठे होते.

केतकरांनी केवळ तयार उत्तरे दिली नाहीत. अनेक नोंदींखाली आधारग्रंथांचा निर्देश केला, सूचीचा स्वतंत्र खंड काढला. वाचकाने उत्तर पडताळावे आणि पुढचा शोध घ्यावा, अशी ती रचना होती. ग्रंथालयांतील संदर्भसेवेचे मर्मही हेच.

आज संगणकीय उत्तरयंत्रे क्षणात उत्तर देतात. धाराशिव जिल्ह्यात तालुके किती, असे विचारल्यास आठ हे उत्तर मिळेल आणि ते आजच्यापुरते बरोबरही असेल. परंतु १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होण्यापूर्वी चित्र निराळे होते. म्हणूनच जाणता ग्रंथपाल आधी विचारतो, कोणत्या सालाची माहिती हवी? जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला या एका प्रतिप्रश्नाने चुकीपासून वाचवता येते.

साध्या विचारणांचे ओझे यंत्राने जरूर उचलावे. ज्ञानकोशही पुढे इंटरनेटवर आलाच. मात्र आधार विचारण्याची सवय सुटली, तर ग्रंथपालाची खुर्ची राहूनही संदर्भसेवा संपेल.

आर्थिक विवंचना सोसत केतकरांनी १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात जगाचा निरोप घेतला. अवघे ५३ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या विद्वानाने मराठी माणसाला उत्तरांइकीच ती पारखण्याची साधनेही दिली. उत्तरे स्वस्त झालेल्या काळात त्या साधनांची गरज अधिकच वाढली आहे.