दूध कुठं गेलं?

मैत्रिणींनो, आपल्या बिहारमधल्या मोतीहारीत २५ जून १९०३ रोजी एका इंग्रज घरात मुलगा झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. आई इडा वर्षभराच्या लेकराला घेऊन इंग्लंडला परतली. त्या मुलाचं नाव एरिक ब्लेअर. जग त्याला जॉर्ज ऑर्वेल या टोपणनावानं ओळखतं.

तरुणपणी पाच वर्षं तो ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. साहेबाची सत्ता त्यानं वर्दी घालूनच पाहिली आणि मग ती नोकरीच सोडली. १९३६ मध्ये आयलीनशी लग्न झालं. ती ऑक्सफर्डची पदवीधर! दोघं खेड्यात राहायची, कोंबड्या-शेळ्या पाळायची, छोटंसं दुकान चालवायची.

त्याच वर्षाच्या शेवटी तो स्पेनला गेला, फ्रँकोच्या विरोधात लढायला. मे १९३७ मध्ये गळ्यात गोळी लागली. त्यातून वाचला, पण जिव्हारी लागलं ते वेगळंच. रशियाच्या स्टालिनच्या बाजूचे कम्युनिस्ट आपल्याच साथीदारांना गद्दार ठरवून तुरुंगात टाकत होते. आयलीन तेव्हा बार्सिलोनात होती. एके दिवशी तो तिच्या हॉटेलात शिरला, तर ती हसत हसत पुढे आली, गळ्यात हात टाकला आणि कानात सांगितलं की, आत्ताच्या आत्ता इथून निघ. तिच्या खोलीची झडतीही झाली होती. पण ती ज्या पलंगावर पडून होती, त्याला पोलिसांनी हात लावला नाही! पुढे दोघं निसटून फ्रान्सला पोहोचली.

महायुद्धात तो बीबीसीच्या भारतीय विभागात होता. कोल्हापूरकडची वेणू चितळे तिथं त्याची सहकारी. ती नोकरी सोडल्यावर त्यानं ‘अ‍ॅनिमल फार्म’ लिहायला घेतलं. रात्री लिहिलेलं आयलीनला वाचून दाखवायचा.

गोष्ट साधी आहे. जनावरं मालकाला हाकलतात, सगळे समान असं ठरतं. पण पहिल्याच दिवशी काढलेलं दूध नाहीसं होतं. ते डुकरांनी घेतलेलं असतं. मग सफरचंदंही त्यांचीच. का, तर ती डोक्याचं काम करतात! ऑर्वेलच्या मते सगळं बिघडलं ते इथंच. बाकीच्यांनी तेव्हाच विरोध करायला हवा होता. पुढे भिंतीवरचे नियम गुपचूप बदलले जातात. क्लोव्हर घोडीला शंका येते, पण वाचता येत नाही. शेळीकडून वाचून घेते आणि आपलंच चुकत असेल म्हणून गप्प बसते.

इथं मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्या ओळखीच्या एका बचत गटात अध्यक्षबाईंकडचं रजिस्टर कुणी मागत नसे. शिकलेल्या आहेत, त्यांना कळतं, असं बायका म्हणायच्या. मला तर वाचता येत होतं. तरी पहिलं वर्षभर मीही विचारलं नाही.

रशिया तेव्हा इंग्लंडचा दोस्त, त्यामुळे एकामागून एक प्रकाशकांनी नकार दिला. जून १९४४ मध्ये घरावर बॉम्बचा तडाखा बसला; हस्तलिखित ढिगाऱ्यातून काढावं लागलं. त्याच महिन्यात दोघांनी एक बाळ दत्तक घेतलं. मार्च १९४५ मध्ये शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेली असतानाच आयलीन गेली. ऑर्वेल तेव्हा बातमीदारीसाठी युरोपात होता. पुस्तक आलं १७ ऑगस्टला. ते तिला बघायला मिळालंच नाही.

जानेवारी १९५० मध्ये क्षयानं तोही गेला, ४६ व्या वर्षी. त्याच्या थडग्यावर टोपणनाव नाही. एरिक आर्थर ब्लेअर, एवढंच नाव आहे.