कानपूरचा निरोप : पाद्री हेन्री मार्टिन

कानपूरजवळचे बिठूर म्हटले की आपल्या मराठी मनाला दुसऱ्या बाजीरावांचे अखेरचे दिवस आठवतात. परंतु पेशवे तेथे येण्यापूर्वी आठ-नऊ वर्षे, त्याच गंगाकाठच्या छावणीतून एक एकोणतीस वर्षांचा क्षयग्रस्त इंग्रज पाद्री आपली नेमणूक संपवून बाहेर पडला होता. हेन्री मार्टिन हे त्याचे नाव. मुलुख सोडून चाकरीसाठी दूर राहिलेल्या मंडळींना त्याची कथा परकी वाटणार नाही, असे आम्हांस वाटते.

मार्टिनचा जन्म १८ फेब्रुवारी १७८१ रोजी कॉर्नवॉलमधील ट्रुरो गावी झाला. पुढे रँग्लर परांजप्यांमुळे जो मान आपल्या घरोघरी ठाऊक झाला, तो केंब्रिजच्या सीनियर रँग्लरचा मान त्याने १८०१ साली मिळविला. गणितात त्याचे मन मात्र रमले नाही. चार्ल्स सिमियन या धर्मोपदेशकाच्या सहवासात त्याने धर्मसेवा पत्करली. मिशनरी व्हावे ही त्याची इच्छा; पण वडिलोपार्जित पैसा बुडाला आणि अविवाहित बहिणीचा भार अंगावर आला, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीची पगारी पाद्रीगिरी स्वीकारून १८०६ मध्ये तो कलकत्त्यास उतरला.

प्रथम पाटण्याजवळचे दानापूर. तेथे गोऱ्या शिपायांची प्रार्थना, देशी मुलांच्या शाळा आणि बायबलच्या नव्या कराराचे हिंदुस्थानी भाषांतर अशी तिहेरी कामगिरी त्याने अंगावर घेतली. कॉर्नवॉलमधील लिडिया ग्रेनफेल हिने हिंदुस्थानात येऊन आपल्याशी विवाह करावा, अशी विनंती त्याने जुलै १८०६ मध्ये पत्राने केली होती. तिचा नकार हाती पडावयास १८०७ चा ऑक्टोबर उजाडला! पत्राची वाट पाहणे आपणही जाणतो. पण पंधरा महिने उराशी आशा बाळगावी आणि मग हे उत्तर यावे, हा अनुभव निराळाच.

१८०९ च्या उन्हाळ्यात त्याची बदली कानपुरास झाली. भर वैशाखवणव्यात पालखीतून प्रवास करून तो पोहोचला तो जवळजवळ मूर्च्छित अवस्थेतच. छावणीत प्रार्थनामंदिर नव्हते. उघड्या मैदानात पलटणीपुढे उपासना चाले आणि उन्हाने शिपाई भोवळ येऊन पडत. अशात त्याने आणखी एक काम ओढवून घेतले. दाराशी भिक्षेसाठी येणारे फकीर, बैरागी, आंधळे, पांगळे यांना त्याने रविवारी संध्याकाळी आपल्या बागेत जमविले आणि चबुतऱ्यावर उभे राहून त्यांच्याशी तो हिंदुस्थानीत बोलू लागला. कधी पाचशेंवर लोक जमत. आरडाओरडा होई, टिंगलही होई. शेजारच्या बागेत काही मुसलमान तरुण ही गंमत पाहत बसत. त्यांतच शेख सालेह नावाचा एक होता.

आपल्या देशातील धर्मांविषयी मार्टिनची मते कठोर होती; ती आम्हांस मान्य होणे शक्य नाही. परंतु इतरांपेक्षाही कठोर तो स्वतःशीच होता. त्याची दैनंदिनी आत्मनिर्भर्त्सनेने भरलेली आहे. छाती दुखे, आवाज बसे. भाषांतरातील अरब सहकारी साबात याच्या तापट स्वभावाने जीव मेटाकुटीस येई. त्यातून साबातचे फारसी भाषांतर अरबी शब्दांनी जड झाले आहे, असा जाणकारांचा अभिप्राय पडला. तेव्हा प्रत्यक्ष इराणात जाऊन ते सुधारावे, असे मार्टिनने ठरविले. छावणीचे प्रार्थनामंदिर उघडले ते ३० सप्टेंबर १८१० रोजी, रविवारी. त्याच दिवशी त्याने तेथे प्रवचन केले आणि दुसऱ्या दिवशी कानपूर सोडले. इतकी खटपट करून मिळालेल्या त्या वास्तूत त्याच्या वाट्यास एकच रविवार आला.

कलकत्त्याहून मुंबईपर्यंतच्या जहाजावर त्याचा सहप्रवासी होता माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुण्याच्या रेसिडेन्सीवर निघालेला! वाटेत गोव्यास दोघे उतरले. झेवियरची समाधी मार्टिनने पाहिली. मुंबईत जॉन माल्कमची गाठ पडली. त्याने इराणसाठी ओळखपत्रे दिली. ज्या माल्कमपुढे १८१८ मध्ये बाजीरावांना शरण जावे लागले आणि त्यांच्या नशिबी बिठूर आले, तोच हा माल्कम. बिठूरच्या शेजारून आलेल्या त्या खोकणाऱ्या पाद्र्याला यातले काहीच ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

शिराझमध्ये त्याने फारसी भाषांतर पुरे केले. मायदेशी परतताना १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानातील तोकात येथे, आप्तस्वकीयांपासून दूर, एकतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. लिडिया अखेरपर्यंत अविवाहितच राहिली.

हिंदुस्थानी नवा करार १८१४ मध्ये श्रीरामपूरला छापून निघाला. त्याच्याच हस्तलिखिताची बांधणी करण्याचे काम कानपुरात शेख सालेहकडे आले होते आणि परत देण्यापूर्वी त्याने ते वाचून काढले होते. १८११ मध्ये कलकत्त्यास डेव्हिड ब्राउनने त्याला दीक्षा दिली तेव्हा मार्टिन इराणात होता. अब्दुल मसीह हे नवे नाव धारण केलेल्या या गृहस्थाने पुढे आग्र्यास बरीच वर्षे काम केले आणि १८२५ मध्ये बिशप हेबरच्या हस्ते तो स्वतः पाद्री झाला.