अनवाणी पायांचा पाठीराखा

परळच्या टाटा रुग्णालयाची वाट मुंबईत कुणाला विचारावी लागत नाही. त्यामागे ज्यांची पुंजी उभी राहिली, त्या सर दोराबजी टाटांनीच भारताला ऑलिम्पिकची वाट दाखवली, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत जन्मले. केंब्रिजला शिकायला गेले, तिथे मैदानाची गोडी लागली आणि ती जन्मभर टिकली.

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. दोराबजी जिमखान्याचे अध्यक्ष होते. धावणारे बहुतेक खेड्यातले शेतकरी, पायात काही नाही. तरीही काहींचा वेग युरोपातल्या नामांकित धावपटूंच्या जवळ जाणारा! दोराबजींनी तिथेच ठरवले, ही पोरे ऑलिम्पिकला गेली पाहिजेत. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने परवानगीही मिळवली.

पुढारलेल्या देशांत तेव्हा खेळाडूच्या हाती नामांकित कारखान्याचे साधन असे. १८९६ साली अथेन्सला अमेरिकेच्या पेन बंधूंनी पिस्तुलाच्या स्पर्धा जिंकल्या, त्या कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कारखान्यांच्या हत्यारांवर. स्मिथ अँड वेसनचे एकबारी पिस्तूल तर पुढे ‘ऑलिम्पिक’ नावानेच ओळखले जाऊ लागले. नेमबाज जिंकला की पिस्तूल खपे, असा तो सरळ हिशेब.

दोराबजीही कारखानदारच, पण पोलादाचे. अनवाणी धावपटूंकडून त्यांना काहीच खपवायचे नव्हते. तरी त्यांनी पदरचे पैसे घातले. १९२० साली चार धावपटू आणि दोन मल्ल अँटवर्पला गेले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. मल्ल रणधीर शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले. पदक एकही नाही. पण दोराबजी खचले नाहीत. १९२४ला पुन्हा संघ गेला आणि १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष तेच.

याच काळात, १९२४ साली, पोलाद कंपनी बुडायच्या बेताला आली. दोराबजींनी स्वतःची मालमत्ता आणि पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिराही तारण ठेवला. कंपनी तरली. १९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. मूलबाळ नव्हते. दोराबजींनी आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली आणि ३ जून १९३२ रोजी जर्मनीत त्यांनी देह ठेवला.

त्याच निधीतून १९४१ साली परळचे रुग्णालय उभे राहिले. मैदान असो की रुग्णालय, ज्याच्यापाशी काही नाही त्याच्या पाठीशी उभे राहायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते.