कुणापुढे हात न पसरणाऱ्या निशातुन्निसा

‘निकाह’ चित्रपटातली गुलाम अली यांनी गायलेली गझल मराठी रसिकांच्याही ओठांवर असते. मोर्चात दिली जाणारी ‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणा तर सगळ्यांचीच झाली आहे. दोन्ही एकाच माणसाच्या लेखणीतून आल्या, मौलाना हसरत मोहानी यांच्या. या रमजानमध्ये मात्र मला मौलानांविषयी नाही, त्यांच्या बेगमविषयी लिहायचे आहे. मौलाना असोत, पाद्री असोत की पुढारी, लोकांसाठी झिजणाऱ्या माणसाचे घर कोण चालवते, हे आपण सहसा विचारत नाही.

निशातुन्निसा यांचा जन्म १८८५ चा, अवधमधल्या उन्नाव जिल्ह्यातल्या मोहान गावचा. उर्दू, फारसी, अरबी त्या घरीच शिकल्या. लग्नाआधीच गावातल्या मुलींना त्या शिकवत असत. १९०१ मध्ये त्याच गावच्या सय्यद फजलुल हसन यांच्याशी त्यांचा निकाह झाला. हेच पुढे ‘हसरत’. नावामागे मौलाना लागले तरी हे गृहस्थ अलीगढ कॉलेजचे बी. ए. होते. सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी १९०३ मध्ये ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक काढले आणि राजकारणात लोकमान्य टिळकांना गुरू मानले. सुरतेला काँग्रेस फुटली, तेव्हा ते टिळकांच्या बाजूने बाहेर पडले.

जून १९०८ मध्ये मुंबईत टिळकांना अटक झाली आणि त्याच महिन्यात अलीगढला हसरत यांना. इंग्रजांच्या इजिप्तमधल्या धोरणावर टीका करणारा एक निनावी लेख मासिकात आला होता. लेखकाचे नाव न सांगता हसरतनी सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. सक्तमजुरी झाली, वर पाचशे रुपये दंड. दंडापायी त्यांचा दुर्मिळ पुस्तकांचा संग्रह कवडीमोलाने लिलावात गेला. त्या वर्षीचा रमजान त्यांनी कोठडीत काढला, चक्कीवर धान्य दळत. सहरीला धड काही नाही, इफ्तारलाही नाही.

इकडे घरी लहानगी नईमा आजारी होती. अशा वेळी तेवीस वर्षांच्या बायकोने तुरुंगात काय लिहावे? माफी मागून लवकर या, असे लिहिले असते तरी कुणी तिला दोष दिला नसता. निशातुन्निसांनी लिहिले ते उलटेच. आलेल्या संकटाला धीराने तोंड द्या, घराची काळजी करू नका आणि आपल्याकडून कसलाही कमकुवतपणा दिसू देऊ नका, असा त्या पत्राचा आशय होता. हे पत्र मिळाल्यावर आपल्याला किती बळ आले, ते हसरतनीच पुढे नोंदवून ठेवले आहे.

सुटून आल्यावर अलीगढला स्वदेशी कापडाचे दुकान निघाले. त्यातही बेगम बरोबरीने होत्या. १९१६ मध्ये हसरतना पुन्हा अटक झाली, तेव्हा वकील गाठणे, कोर्टात जाणे, वर्तमानपत्रांना पत्रे लिहिणे हे सगळे त्यांच्यावर आले. चार भिंतींत बसून यातले काहीच होणार नव्हते. त्यांनी बुरखा बाजूला ठेवला आणि बाहेर पडल्या. शरीफ घराण्यातल्या मुसलमान बाईने त्या काळी असे करणे किती कठीण होते, हे आज सांगूनही पटणार नाही. त्यांनी त्याचा गाजावाजा केला नाही. काम अडले होते म्हणून केले, एवढेच.

याच काळातला एक प्रसंग मला सगळ्यात मोठा वाटतो. लखनौचे पंडित किशन प्रसाद कौल त्यांना भेटायला अलीगढला गेले. घरातली ओढाताण दिसतच होती. त्यांनी पैशांची मदत देऊ केली. बेगमनी ती घेतली नाही. हसरतनी छापलेले उर्दू कवींचे दिवान, म्हणजे काव्यसंग्रह, घरात पडून होते. ते लखनौला विकून देता आले तर द्या, एवढेच त्यांनी सुचवले. कौलांनी ही हकिगत बनारसचे शिवप्रसाद गुप्त यांना सांगितली आणि गुप्तांनी ती पुस्तके विकत घेतली. रमजानमध्ये आपण जकात देतो, सदका देतो. त्या हिशेबात अशा घरांची आठवण ठेवणे अवघड असते, कारण ती मागत नाहीत.

१९१७ च्या डिसेंबरमध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले. त्यांना भेटलेल्या सरोजिनी नायडू यांच्या महिला शिष्टमंडळात बेगम हसरत मोहानी होत्या. पुढे १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये हसरतनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. गांधीजींनी विरोध केला, ठराव पडला. बेगम तेव्हाही नवऱ्याच्या बाजूने उभ्या होत्या. पाठोपाठ हसरतना तिसरा तुरुंगवास झाला. या वेळी आपल्या येरवड्यात, १९२४ पर्यंत.

नंतरची वर्षे कानपूरची. तिथे खादी-स्वदेशीचे दुकान होते, कामगारांच्या सभा होत्या. मौलाना अनेकदा हजला गेले, बेगमही गेल्या. हिजाज आणि इराकच्या त्या प्रवासांचे वृत्तान्त त्यांनी स्वतः उर्दूत लिहिले आहेत. १९३७ च्या एप्रिलमध्ये कानपूरला त्यांचे निधन झाले. हसरत त्यांच्यामागे चौदा वर्षे जगले.