नकार पचवणारे अण्णा

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या हिमायतनगरसारख्या गावात दोन प्रकारची घरं दिसतात. एका घरी पेढे वाटले जातात, तर दुसऱ्या घराचं दार दिवसभर लोटलेलं असतं. त्या लोटलेल्या दाराआड एखादी मुलगी रडत बसलेली असते. एकाच विषयात राहिलेली असते, पण पुरवणी परीक्षेला बसायचं नाही म्हणून हट्ट धरते. पुन्हा नापास झालो तर लोक हसतील, ही भीती! बाया-माणसांचंही तेच. कर्जाचा अर्ज एकदा परत आला की बँकेची पायरी पुन्हा चढायची नाही, असं ठरवून मोकळ्या होतात.

मैत्रिणींनो, अशा वेळी मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. त्यांना सगळे अण्णा म्हणत. भारतरत्न म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्यांच्या वाट्याला आलेले नकार फारसे कुणी सांगत नाही.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातल्या शेरवलीचा. मुरूड हे त्यांचं गाव. घरची परिस्थिती बेताची आणि स्वभाव अतिशय बुजरा. चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी अवघडून जायचे. १८७५ साली त्यांना सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि केंद्र होतं साताऱ्याला. हा सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांबरोबर पायी निघाला. भर पावसात, डोंगर-घाट तुडवत सुमारे ११० मैल! आपल्याकडच्या हिशेबानं सांगायचं तर हिमायतनगरहून नांदेडला चालत जाऊन जवळजवळ परत यावं, एवढं अंतर. एवढं करून साताऱ्याला पोचले, तर परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांना बसूच दिलं नाही. का, तर अंगानं किरकोळ असल्यामुळे ते वयानं लहान दिसत होते. वयाचा दाखला जवळ होता, तरी उपयोग झाला नाही.

विचार करा, त्या मुलाला काय वाटलं असेल! अभ्यासात काही कमी नव्हतं, पेपर तर हातातही आला नव्हता. तसंच परत यावं लागलं. पण पुढच्या वर्षी ते कोल्हापूरला गेले, तीच परीक्षा दिली आणि पास झाले. मॅट्रिक व्हायला तेविसावं वर्ष उजाडलं. १८८४ मध्ये बी.ए. झाले आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारल्या. दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असं अण्णांनी ठरवलं. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी लग्न केलं. याच पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. मुरूडच्या लोकांनी बहिष्कार घातला. गावी गेलं तर आपल्याच घरी उतरायची चोरी झाली. साताऱ्याचा नकार एकट्यानं सोसण्याजोगा होता. या नकाराची झळ मात्र म्हाताऱ्या आईला आणि भावालाही लागली. त्याचं दुःख अण्णांना झालंच, पण म्हणून घेतलेलं पाऊल त्यांनी मागे घेतलं नाही.

१८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला, एका साध्या झोपडीत नेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचं आणि संध्याकाळी चिखलाची वाट तुडवत हिंगण्याला जाऊन मुलींना शिकवायचं. पैशासाठी तर दारोदार फिरावं लागे. बुजऱ्या माणसाला दुसऱ्यापुढे हात पसरणं किती जड जात असेल! कुणी देई, कुणी तसंच परत पाठवी. अण्णा पुढच्या दारी जात.

१९१६ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ सुरू केलं, तेही मातृभाषेतून शिकवणारं. पहिल्या वर्गात मोजक्याच मुली होत्या. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव मिळालं. सरकारी मान्यतेला मात्र देश स्वतंत्र होईपर्यंत थांबावं लागलं. तीसहून जास्त वर्षं! पण मान्यता नाही म्हणून वर्ग बंद पडले नाहीत. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळालं आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

अण्णांचा बुजरेपणा काही गेला नव्हता. तो सोबत घेऊनच ते चालत राहिले. साताऱ्यात मिळालेला नकार त्यांनी त्या दिवसापुरता, त्या टेबलापुरता ठेवला. मी नालायक आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला नाही. आपलं नेमकं इथंच चुकतं. आपण एका निकालावरून अख्ख्या मुलीचं माप काढतो.

आणि आणखी एक. साताऱ्याच्या वाटेवर अण्णा एकटे नव्हते, सोबती होते. तेव्हा शेजारची एखादी मुलगी यंदा मागे राहिली असेल, तर तिला उपदेश करू नका. पुरवणी परीक्षेचा नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरायला तिच्याबरोबर जा. परीक्षेच्या दिवशीही केंद्रापर्यंत सोबत करा. आई शेतात गेलेली असेल, तर मावशी, काकू, शेजारीण, कुणीही चालेल.